'करमत नाही'ला तुमच्या फॉर्ममध्ये रकाना ठेवा : मनोविकार संशोधकांना खुलं पत्र

स. न. वि. वि.

महाराष्ट्रातल्या मनोविकारतज्ज्ञांना, मानसशास्त्र शिकवणाऱ्या सर-मॅडमना, त्यांच्या हाताखाली एमडी, एमफिल, पीएचडी करणाऱ्या मुलामुलींना आणि मेडिकल कॉलेजांच्या एथिक्स कमिटीवर (माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीवर) बसणाऱ्या सगळ्यांना हे पत्र लिहितेय. मी डॉक्टर नाही, सांगली जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेत नोकरी करते. माझा धाकटा भाऊ नंदू, हे त्याचं घरातलं नाव, ४३ वर्षांचा आहे. त्याच्या सर्टिफिकेटवर बौद्धिक अक्षमता ७५ टक्के असं लिहिलंय. आई ७४ ची आहे, बाबा नाहीत, म्हणजे पुढं मीच. मला जे म्हणायचंय ते थोडक्यात असं की आमच्या माणसांची बुद्धी तुम्ही खूप वेळा मोजलीत, आता त्यांच्या मनाकडं बघा, आणि बघताना आम्हाला विचारून परत जाऊ नका, त्यांना विचारा.

आधी काय झालं ते सांगते.

नंदू १८ वर्षांनंतरच्या मुलांच्या कार्यशाळेत जातो. (मुलं म्हणायची सवय आम्हा सगळ्यांनाच आहे, त्यातल्या निम्म्यांचे केस पिकलेत.) तिथं औषधाच्या दुकानांसाठी कागदी पाकिटं करतात. नंदूच्या शेजारी अशोक बसायचा, हेही खरं नाव नाही. अशोक लोखंडी पट्टी दाबून धरून कागद फाडायचा आणि चौकोन नंदूच्या पुढ्यात सरकवायचा, नंदू त्याला खळ लावायचा, दुमडायचा, अंगठ्यानं कडेकडेनं दाबायचा आणि उजव्या हाताला गठ्ठा लावायचा. अकरा वर्षं दोघं एकाच सतरंजीवर. बोलायचे फार कमी, अशोकला तर चार-पाचच शब्द येतात, पण डबा उघडला की अशोकची चटणी नंदूच्या डब्यात आणि नंदूची पोळी अशोकच्या डब्यात, हे न बोलता व्हायचं.

कार्यशाळेतल्या ताईंनी एक रजिस्टर ठेवलंय, साधं लांबडं, लाल कापडी पाठीचं. तारीख, नाव, नग, शेरा. नंदूच्या नावापुढं नगाच्या रकान्यात रोज ८०, ८५, दिवाळीच्या आधी तर ११० पण आहेत. मग एका ऑगस्टमध्ये ६०. मग ४०, शेरा 'कंटाळा करतो'. मग २२, 'चिडचिड'. मग १०, 'हात चावला'. आणि मग नगाचा रकाना मोकळा आणि शेऱ्यात नुसतं 'बसून'. 'बसून' हा एकच शेरा सलग सतरा दिवस आहे, ताईंच्या निळ्या बॉलपेनानं, एकाखाली एक.

त्याच पानावर नंदूच्या दोन ओळी वर अशोकचं नाव आहे, जुलैच्या २६ तारखेपर्यंत. त्यापुढं आडवी रेघ. अशोकची आई गेली आणि त्याच्या भावानं त्याला सोलापूरकडच्या एका निवासी संस्थेत ठेवलं. भावाला मी दोष देत नाही, त्याचं घर दोन खोल्यांचं आहे आणि आपल्याकडं अशा वेळी दुसरा रस्ताच ठेवलेला नाही. पण आम्ही कुणी नंदूला काही सांगितलंच नाही. सांगायचं असतं हेच डोक्यात आलं नाही. अकरा वर्षांचा दोस्त एका दिवसात नाहीसा झाला आणि त्याच्या जागी सतरंजीचा मोकळा तुकडा राहिला, हे आम्ही पाहिलं आणि आम्हाला ते दिसलं नाही.

हे सगळं मला रजिस्टर बघून कळलं, पण ते रजिस्टर मी १९ महिन्यांनी बघितलं. मधल्या काळात काय झालं, तर नंदू रात्री झोपेना, जेवण निम्म्यावर आलं, हाताला चावून चावून अंगठ्याखाली घट्टा पडला, एकदा आईला ढकललं. आम्ही डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी फाइल उघडली, सर्टिफिकेट पाहिलं आणि म्हणाले की अहो यांच्यात असं होतंच, वय वाढलं की वाढतं. रिस्पेरिडोन सुरू केली, मुख्यतः भास-भ्रमाच्या आजारावर देतात ती गोळी. फरक पडला नाही म्हणून डोस वाढवला. मग तो शांत झाला, म्हणजे आम्हाला शांत वाटला. वजन १४ किलो वाढलं, तोंडातून लाळ गळायला लागली, हात थरथरायला लागले, इतके की कागद दुमडला तरी कडा जुळेना. म्हणजे नग कमी झाले त्यावर जी गोळी दिली तिनं नग करायचे हातच घालवले. मी डॉक्टरांचं नाव घेत नाही आणि घेणार नाही, कारण त्या माणसानं दुष्टपणा केला नाही, त्यांना कॉलेजात जे शिकवलं तेच त्यांनी केलं, आणि म्हणूनच हे पत्र त्यांना न लिहिता तुम्हाला लिहितेय.

मग दुसऱ्या एका डॉक्टर बाईंकडं गेलो, तरुण आहेत. त्यांनी त्याच्याशीच बोलायला सुरुवात केली, माझ्याशी नाही, तिथंच मला बरं वाटलं. विचारलं, उदास वाटतं का? हो. बरं वाटतं का? हो. झोप लागते का? हो. झोप लागत नाही का? हो. नंदू डॉक्टरांना सगळ्याला हो म्हणतो, कारण लहानपणापासून त्याला हेच कळलंय की हो म्हटलं की माणसं खूश होतात आणि लवकर सोडतात. बाई पेन खाली ठेवून बसल्या. आमच्याबरोबर कार्यशाळेच्या ताई आल्या होत्या, पिशवीत रजिस्टर घेऊन. त्यांनी बाईंची परवानगी घेऊन विचारलं, "नंदू, करमतं का रे तिकडं?"

त्यानं बराच वेळ काही उत्तर दिलं नाही. शर्टाचं खालचं बटण फिरवत बसला. मग म्हणाला, "नाही करमत. अशोक नाही."

एवढंच. १९ महिन्यांत त्याला कुणी त्याच्या शब्दात विचारलं नव्हतं म्हणून त्यानं सांगितलं नव्हतं. पुढचं लांबण लावत नाही, डिप्रेशनचं निदान झालं, थायरॉइड तपासला, जुनी गोळी हळूहळू कमी केली, दुसरी सुरू केली, आणि दर गुरुवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर अशोक आणि नंदू एकमेकांकडं बघत बसतात, दहा मिनिटं, फारसं न बोलता. आता ५० नग होतात. (हे वाचणाऱ्या पालकांनी कृपा करून मनानं गोळ्या बंद करू नयेत, एकदम तोडल्या तर फार त्रास होतो, डॉक्टरांच्या हाताखालीच कमी करायच्या.)

आता तुमच्याकडं वळते.

नंदूच्या बाबतीत जे झालं त्याला तुमच्या शास्त्रात नाव आहे हे मला नंतर कळलं. डायग्नॉस्टिक ओव्हरशॅडोइंग. १९८२ साली अमेरिकेत स्टीव्हन रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दाखवून दिलं. त्यांनी मानसशास्त्रज्ञांना एका माणसाच्या जबर भीतीचं वर्णन वाचायला दिलं, वर्णन तेच, फक्त काहींच्या कागदावर माणसाची बुद्धी कमी आहे असं लिहिलेलं, आणि ज्यांच्या कागदावर तसं होतं त्यांना तीच भीती कमी महत्त्वाची वाटली. एक मोठी गोष्ट दिसली की तिच्या सावलीत बाकीचं दिसेनासं होतं. १९८२ म्हणजे चाळीस वर्षं उलटून गेली, आणि माझ्या भावाच्या फाइलवर ती सावली अजून तशीच पडलेली होती.

मी रात्री बसून वाचत गेले, गूगल ट्रान्सलेट लावून, डिक्शनरी घेऊन. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोमध्ये सॅली-अॅन कूपर यांनी २००७ साली छापलेला अभ्यास आहे, बौद्धिक अक्षमता असलेली १,०२३ प्रौढ माणसं, एकेकाला तपासून, आणि वागणुकीच्या तक्रारी धरून १०० मधल्या जवळपास ४१ जणांना काही ना काही मानसिक आजार निघाला. १०० मध्ये ४१. आपल्या देशात २०११ च्या जनगणनेत या गटात १५ लाखांवर माणसं मोजलीत. ग्लासगोचा आकडा जसाच्या तसा इथं लावता येत नाही हे मलाही कळतं, तिकडची घरं वेगळी, व्यवस्था वेगळी, पण मग इथला आकडा काढा ना. २०१५-१६ चा राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्व्हे बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं केला, मोठं काम होतं, पण तो १२ राज्यांत झाला आणि त्या बारांत महाराष्ट्र नव्हता.

संशोधन आमच्याकडं होत नाही असं नाही. दर वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत, डिझर्टेशन जमा करायची वेळ आली की, कार्यशाळेत दोन-तीन मुली येतात प्रश्नावली घेऊन. गोड असतात, आमच्याबरोबर चहा घेतात. विषय काय तर 'बौद्धिक अक्षम मुलांच्या पालकांमधील ताणतणाव'. माझ्या आईनं तो फॉर्म किमान नऊ वेळा भरला असेल. तुम्हाला थकवा जाणवतो का, कधीकधी, नेहमी, कधीच नाही. आईचा ताण खराच आहे, तो मोजू नका असं मी म्हणत नाही. पण फॉर्म भरून होईपर्यंत नंदू बाजूला बसलेला असतो आणि त्या पोरींपैकी एकीनंही आजवर त्याला विचारलं नाही की तुला कसं वाटतं. आणि कितीतरी संशोधन शाळेतल्याच मुलांवर, कारण शाळेत एका जागी सापडतात. १८ वर्षं पूर्ण झाली, शाळा सुटली की माणूस घरात जातो, आणि संशोधनातूनही जातो. पंचविशीत, तिशीत, पन्नाशीत काय होतं, दोस्त गेले, आई गेली, घर बदललं की मनाचं काय होतं, हे विचारायला कुणी येत नाही.

बुद्धी मोजायच्या बाबतीत मात्र आपण मागं नव्हतो. बिने-कामत चाचणी १९३४ ची. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडला ती कानडी आणि मराठी मुलांसाठी बेतली. नागपूरला मलिन यांनी अमेरिकेतली व्हाइनलँडची सोशल मॅच्युरिटीची चाचणी (रोजची कामं माणसाला स्वतःची स्वतः किती जमतात ते बघणारी) आपल्याकडच्या जगण्याला जुळवून घेतली, आजही सर्टिफिकेटसाठी तीच वापरतात, नंदूचे ७५ टक्के त्यातूनच आले. म्हणजे बाहेरची चाचणी नुसती भाषांतर न करता आपल्या माणसांसाठी नव्यानं बेतायची हे कसब आपल्या भागातल्या लोकांनी नव्वद वर्षांपूर्वी दाखवलंय. मग दुःख मोजायची का नाही बेतत? ग्लासगोवाल्यांनी बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी डिप्रेशनची खास प्रश्नावली केलीय, २० प्रश्न, साध्या शब्दांत, आणि सांभाळणाऱ्यासाठी वेगळा भाग. मी मराठीत असं काही आहे का म्हणून चार ठिकाणी विचारलं, एकानंही काढून दाखवलं नाही.

आणि करताना भाषांतर करून सोडू नका, हे हात जोडून सांगते. 'उदास', 'निराश', 'नैराश्य', 'रस वाटत नाही' हे शब्द आमच्या घरात कुणी बोलतच नाही, माझी आई सुद्धा नाही. नंदूकडं दुःखाला कुठले शब्द आहेत? करमत नाही. पोटात कसंतरी होतंय. डोकं गरम झालं. नको. घरी जायचं, आणि हे तो घरात बसलेला असतानाच म्हणतो. 'करमत नाही' यात किती काय काय आहे बघा, एकटेपणा आहे, कशात जीव न लागणं आहे, कुणाची तरी आठवण आहे, आणि लहान पोरापासून ऐंशीच्या म्हातारीपर्यंत सगळ्यांना तो शब्द कळतो. सांगलीत एक शब्द असेल, वऱ्हाडात दुसरा, कोकणात तिसरा, मालवणीत अजून काही. हे शब्द गोळा करायला मशीन लागत नाही, कार्यशाळेत सतरंजीवर जाऊन बसायला लागतं, आठवडाभर, आणि डबा बरोबर न्यायला लागतो. हो-हो म्हणणाऱ्या माणसाला कसं विचारायचं, चित्र दाखवून की दोन उलटे प्रश्न टाकून की ओळखीच्या माणसाकडून, हाच एका पीएचडीचा विषय होईल.

ज्यांना बोलताच येत नाही त्यांचं काय असं तुम्ही विचाराल. त्यांच्यासाठी ते रजिस्टर आहे. राज्यात जितक्या कार्यशाळा, जितक्या निवासी संस्था, तितक्या ठिकाणी कुठली ना कुठली वही आहेच, हजेरीची, नगांची, जेवणाची, फिट आल्याची, पाळीच्या तारखांची. आयांच्या कॅलेंडरवर तर सगळंच असतं, गॅस सिलिंडर कधी लावला त्याच्या शेजारी 'रात्रभर जागा' असं लिहिलेलं. हे तुमच्या दृष्टीनं डेटा आहे की नाही मला माहीत नाही, पण नंदूचा सगळा आजार त्या रजिस्टरमध्ये तारखेसकट लिहिलेला होता, कुठल्या दिवशी सुरू झाला तोसुद्धा, आणि त्याच्या मेडिकल फाइलमध्ये त्यातलं काहीच नव्हतं.

दुसरी गोष्ट गोळ्यांची. २००८ साली लॅन्सेट या डॉक्टरांच्या नियतकालिकात पीटर टायरर आणि मंडळींनी एक ट्रायल, म्हणजे उपचार तपासून बघायचा अभ्यास, छापली, बौद्धिक अक्षमता असलेली ८६ माणसं, मारहाण-आदळआपट करणारी. काहींना रिस्पेरिडोन, काहींना त्याच जातीचं हॅलोपेरिडॉल, काहींना औषध नसलेली नुसती गोळी. चार आठवड्यांनी तिन्ही गटांतली आदळआपट कमी झाली, आणि सगळ्यात जास्त कुणाची, तर नुसत्या गोळीवाल्यांची. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. औषधं कुणालाच लागत नाहीत असा याचा अर्थ नाही, सायकोसिस (भास-भ्रमाचा आजार) असलेल्याला लागतातच. पण इंग्लंड-अमेरिकेत नव्हे, आपल्या मिरजेत, लातूरला, अकोल्यात, आमच्यातल्या किती जणांना ही गोळी चालू आहे, कशासाठी, किती वर्षं, शेवटचं कुणी कधी तपासलं, हे कुणाला ठाऊक आहे का? ब्रिटनमध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या ३३ हजार माणसांच्या डॉक्टरी नोंदी काढून २०१५ मध्ये छापलं की ज्यांना अँटिसायकोटिक (रिस्पेरिडोनच्या जातीचं औषध) दिलं गेलं त्यातल्या ७१ टक्क्यांच्या नोंदीत कुठल्याही गंभीर मानसिक आजाराचा उल्लेखच नव्हता. आणि २०१६ मध्ये तिथल्या सरकारी आरोग्य सेवेनं ही जादा औषधं कमी करायची मोहीमच काढली. आधी मोजलं म्हणून पुढं करता आलं. आपल्याकडं निदान एका जिल्ह्यात तरी मोजा. कार्यशाळांतल्या डब्यांबरोबर येणाऱ्या गोळ्यांची पाकिटं बघितलीत तरी सुरुवात होईल.

आता एथिक्स कमिटीला. मला एकानं प्रामाणिकपणे सांगितलं की ताई, यांना अभ्यासात घ्यायचं म्हटलं की कमिटी अडवते, संमतीचा प्रश्न येतो, म्हणून आम्ही सुरुवातीलाच वगळायच्या यादीत लिहून टाकतो, बुद्ध्यांक ७० च्या खाली असलेले नकोत. हे वाक्य मी नंतर स्वतः बघितलं, एका डिप्रेशनच्या अभ्यासाच्या माहितीपत्रकात, दवाखान्याच्या भिंतीवर. गरोदर बायका, दारूचं व्यसन असलेले आणि बौद्धिक अक्षमता असलेले यांना घेणार नाही. एका ओळीत.

भीती कुठून आली हे मला कळतं. न्यूयॉर्कच्या विलोब्रुक शाळेत १९५० च्या दशकापासून कितीतरी वर्षं बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना मुद्दाम काविळीची लागण करून प्रयोग केले, आईबापांच्या सह्या होत्या. आणि लांब कशाला, १९९४ साली आपल्या शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मुलींना पुण्यात ससूनला नेऊन त्यांची गर्भाशयं काढली, का तर पाळीची स्वच्छता जमत नाही. तो संशोधनाचा भाग नव्हता, पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं हे तर खरंच. त्या मुली आज असतील तर माझ्या वयाच्या पुढंमागं असतील. तेव्हा कमिटीनं डोळ्यात तेल घालून बघायलाच पाहिजे, यात मी तुमच्या बाजूची आहे.

पण वाईट वापर होऊ नये म्हणून जो दरवाजा लावला तो चांगल्यालाही बंद झाला. त्यांच्यावर अभ्यास नाही म्हणून त्यांच्यासाठी उपचार ठरलेला नाही, ठरलेला नाही म्हणून डॉक्टर अंदाजानं देतात, म्हणजे प्रयोग तर चालूच आहे, घराघरात, फक्त त्याची नोंद नाही आणि संमतीही नाही. माझ्या भावावर १९ महिने जे झालं त्याला कुठल्या कमिटीनं परवानगी दिली होती?

कायद्यानं रस्ता सांगितलेला आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम ६ मध्ये स्पष्ट आहे की दिव्यांग माणसाला कळेल अशा पद्धतीनं समजावून, त्याची स्वतःची मोकळी संमती घेतल्याशिवाय त्याच्यावर संशोधन करायचं नाही, आणि सरकारनं यासाठी दिव्यांग संशोधन समिती नेमायची, तिच्यात निम्मे तरी सदस्य स्वतः दिव्यांग किंवा नोंदणीकृत संघटनांचे असले पाहिजेत. पालकांच्या संघटनाही त्यात येतात. करू नका असं कायदा म्हणत नाही, विचारून करा म्हणतो. चित्रांचं संमतीपत्रक करा, चार पानांची कायदेशीर भाषा नको, एका पानावर एक गोष्ट, आज विचारा, दोन दिवसांनी परत विचारा, आणि तो उठून गेला तर ते 'नाही' आहे असं धरा. नंदूला नको असेल तर त्याच्याइतकं स्पष्ट कुणी सांगत नाही, तो तोंड भिंतीकडं करतो. पालकाची सही घ्या, पण सहीवर काम भागवू नका.

आणि होत नाही असं म्हणू नका. ब्रिटनमध्ये ग्लासगोच्या अँड्र्यू जहोडांच्या पुढाकारानं २०१७ मध्ये लॅन्सेट सायकियाट्रीत आलेली ट्रायल आहे, डिप्रेशन आणि सौम्य-मध्यम बौद्धिक अक्षमता असलेली १६१ प्रौढ माणसं. दोन प्रकारचे बोलून-करून घ्यायचे उपचार, आणि प्रत्येकाबरोबर सेशनला त्याच्या ओळखीचं एक माणूस. दोन्ही गटांत सुधारणा झाली, दोन उपचारांत फरक निघाला नाही, म्हणजे कुठला सरस याचं उत्तर मिळालं नाही, पण १६१ माणसांनी विचारलेलं समजून घेतलं, भाग घेतला, कसं वाटतंय ते सांगितलं. बरोबर ओळखीचं माणूस हवं हे आमच्या कार्यशाळेच्या ताईंना कुणी न शिकवता कळलं होतं, त्या रजिस्टर घेऊन आल्याच ना.

अजून एक अडचण आहे ती कागदांची, पण तिचा संशोधनावर परिणाम होतो म्हणून लिहिते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मानसिक आजाराच्या व्याख्येतून बौद्धिक अक्षमता बाहेर ठेवलीय. ते बरोबरच आहे, नंदू जन्मापासून जसा आहे तो आजार नाही. पण त्याला डिप्रेशन आलं तर तो आजार आहे, आणि त्या कायद्यात तो येतो. हे खिडकीवरच्या माणसाला कळत नाही. आम्हाला सांगितलं की तुमचं दिव्यांगचं खातं वेगळं, इकडं नाही. दिव्यांगकडं गेलं तर म्हणतात हे आरोग्याचं. २०२२ मध्ये राज्यानं वेगळा दिव्यांग कल्याण विभाग केला, आम्हा पालकांना खूप आनंद झाला होता, पण आरोग्य आणि दिव्यांग या दोन खात्यांच्या मधल्या फटीत जी माणसं पडतात त्यांच्यावर अभ्यास करायला पैसे कुठल्या खात्यानं द्यायचे हे बसून ठरवलं पाहिजे, आणि ते तुम्ही मागितल्याशिवाय कुणी ठरवणार नाही. आमचं कुणी ऐकत नाही, तुमच्या लेटरहेडचं ऐकतात.

आम्ही काय देऊ ते पण सांगते. आमच्या कार्यशाळेच्या पालकांची मीटिंग झाली, २३ घरं आहेत. १९ घरं म्हणाली की आमच्या वह्या बघा, आमच्या माणसाशी बोला, नावं बाहेर जाणार नसतील तर. चार घरं नको म्हणाली, त्यांचं नको म्हणजे नको. ताई त्यांची सगळी जुनी रजिस्टरं द्यायला तयार आहेत, बारा वर्षांची आहेत, दोनांना वाळवी लागलीय म्हणून लवकर या. फक्त एक अट पालकांनी एकमतानं घातलीय, की अभ्यास झाला की परत यायचं आणि काय निघालं ते सांगायचं, आम्हाला मराठीत आणि आमच्या माणसांना चित्रांत. नऊ फॉर्म भरून आईला एकदाही कुणी येऊन सांगितलं नाही की त्यातून काय निघालं.

कार्यशाळा साडेदहाला उघडते, मंगळवार सोडून. नंदू डाव्या भिंतीला बसतो. लगेच प्रश्न विचारू नका, आधी शेजारी बसा, कागद पुढ्यात सरकवा. अशोकची जागा अजून रिकामीच आहे.

आपली,
नंदूची ताई